जुनी मोटार : हँडब्रेक आणि तेलगळती
(ग्रामीण भागातील वाहनधारक, शिक्षक आणि शासकीय वाहनांची देखभाल पाहणारे कर्मचारी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गोव्याच्या अंतर्भागात सपाट जागा मुबलक नाही. सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोण या तालुक्यांत घर टेकडीच्या कुशीत असते, शाळा चढणीच्या माथ्यावर असते आणि बाजाराची वाट बहुधा उतारानेच जाते. अशा प्रदेशात गाडी चालविण्याचे कौशल्य जितके महत्त्वाचे, तितकेच गाडी उभी करण्याचेही महत्त्वाचे मानले पाहिजे. चालत्या गाडीत निदान चालक तरी असतो. उभी गाडी उताराला लागली तर तिला आवरणारा कोणीही नसतो. म्हणून आजच्या व्याख्यानासाठी दोन साधे विषय घेतले आहेत : जुन्या मोटारीचा हँडब्रेक आणि जुन्या मोटारीची तेलगळती. वरवर पाहता या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध दिसत नाही. परंतु पुष्कळ गाड्यांत एकीचे मूळ दुसरीत असते, आणि हा संबंध ध्यानात न आल्यामुळे दुरुस्तीवर केलेला खर्च वाया जातो.

जुनी मोटार म्हणजे कोणती, हे प्रथम स्पष्ट करणे बरे. उत्तरपाड्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या ॲम्बॅसिडरचे उत्पादन 2014 साली थांबले. मुंबईत कुर्ल्याला तयार होणारी प्रीमियर पद्मिनी त्याच्या कितीतरी आधीच बंद झाली होती. 1983 च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेल्या मारुती 800 चे उत्पादनही 2014 मध्येच संपले. तथापि कारखाना बंद झाला म्हणून गाडी बंद होत नाही. वडिलांनी घेतलेली गाडी मुलगा वापरतो, शहरात विकलेली गाडी खेड्यात येते, आणि जीपगाडी तर तीन-तीन पिढ्यांची सेवा करते. ह्या गाड्या चांगल्या सांभाळल्या तर अजूनही उपयोगी पडतात. मात्र त्यांतील रबर, दोरी आणि पॅकिंग यांचे वय झालेले असते, ही गोष्ट मालकाने मान्य केली पाहिजे.

एक कल्पित उदाहरण घ्यावे. एका गावातील शिक्षक आपली जुनी ॲम्बॅसिडर रोज शाळेच्या चढणीवर उभी करतात. गाडीचा हँडब्रेक पूर्वीसारखा धरत नाही. मिस्त्री दर दोन महिन्यांनी केबल आवळून देतो, चार दिवस बरे जातात आणि पुन्हा तीच अवस्था होते. गाडीखाली तेलाचे डाग पडतात; पण "जुन्या गाडीला थोडे तेल गळायचेच" असे म्हणून त्यांकडे दुर्लक्ष होते. शिक्षक चाकामागे दगड लावतात आणि वर्गात जातात. एखाद्या दिवशी दगड लावायचे राहून जाते. मधल्या सुट्टीची घंटा होते आणि मुले उताराच्या वाटेवर धावत सुटतात. पुढे काय होऊ शकते याचे वर्णन करण्याची आवश्यकता नाही. ह्या उदाहरणातील शिक्षक निष्काळजी नाहीत. त्यांना फक्त कारणाचा पत्ता लागलेला नाही. तो कसा लावावा, याचाच विचार पुढे केला आहे.

उताराचे गणित

हँडब्रेकवर किती भार येतो याची कल्पना साध्या गणिताने येते. दहा मीटर अंतरात एक मीटर चढणारा रस्ता घेतला, तर त्यावर उभ्या असलेल्या 1,000 किलो वजनाच्या गाडीला खाली ओढणारा जोर सुमारे 100 किलो वजनाइतका असतो. म्हणजे दोन पोती तांदूळ दोरीला बांधून गाडीला अखंड ताण द्यावा, तसा हा प्रकार आहे. हा ताण रात्रभर, पावसात, कोणी पाहत नसताना चालूच असतो. अशी गाडी सुटून केवळ वीस मीटर घसरली, तरी चाकांचे घर्षण जमेस धरूनही तिचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास पोचतो. धावत जाऊन दार उघडावे आणि ब्रेक दाबावा, हा विचार त्या वेळी मनात येणे स्वाभाविक आहे. पण तो अत्यंत घातक आहे. सुटलेल्या गाडीच्या पुढे किंवा बाजूला कोणी धावू नये. ओरडून वाट मोकळी करावी, हेच त्या क्षणी योग्य होय.

हँडब्रेकची रचना

पायाचा ब्रेक तेलाच्या दाबावर चालतो. बहुतेक जुन्या मोटारींतील हँडब्रेक मात्र लोखंडी दोरीवर, म्हणजे केबलवर, चालतो. दांडी ओढली की तिच्या बुडाशी असलेल्या दातेरी पट्टीवर एक खटका दात पकडत जातो. कट्-कट् असा आवाज येतो तो ह्या खटक्याचा. दांडीची ओढ केबलमार्फत मागच्या दोन्ही चाकांपर्यंत पोचते. चाकाच्या ड्रममध्ये असलेला छोटा दांडा ब्रेकचे दोन शू बाहेर ढकलतो, शूवरचे लायनर ड्रमला घट्ट टेकते आणि चाक अडते. दोन्ही चाकांना सारखी ओढ मिळावी म्हणून मध्ये एक समतोल साधणारा भाग असतो.

पायाचा व हातचा असे दोन मार्ग वेगळे ठेवण्यामागे शहाणपण आहे. पायाच्या ब्रेकचे तेल संपले, तरी हातचा ब्रेक दोरीने चालावा, हा हेतू. परंतु पुष्कळ गाड्यांत मागच्या चाकांचे शू व ड्रम दोन्ही ब्रेकांना सामायिकच असतात. मार्ग दोन असले तरी मुक्काम एकच. त्या मुक्कामी तेल शिरले की दोन्ही मार्ग निरुपयोगी होतात.

दोष कसा ओळखावा

हँडब्रेकचे दोष प्रामुख्याने पाच प्रकारचे असतात आणि प्रत्येकाची खूण निराळी असते.

पहिला प्रकार म्हणजे दांडी फार वर येणे. किती खटक्यांत ब्रेक धरला पाहिजे हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. त्यापेक्षा पुष्कळ अधिक खटके लागत असतील, तर शूचे लायनर झिजले आहे किंवा केबल लांबली आहे असे समजावे.

दुसरा प्रकार म्हणजे दांडी वर राहतच नाही, सटकन खाली येते. येथे दोष चाकात नसून दातेरी पट्टीत किंवा खटक्यात असतो. दात झिजलेली पट्टी बदलणे हाच उपाय होय. तारेने किंवा दोरीने दांडी बांधून ठेवणे हा उपाय नव्हे.

तिसरा प्रकार आपल्या पावसाळी व खाऱ्या हवेच्या प्रदेशात विशेष आढळतो. केबलच्या बाहेरचे आवरण तडकते, त्यात पाणी शिरते आणि आतली दोरी गंजून जागच्या जागी अडकते. मग दांडी ओढायला जड जाते, किंवा सोडल्यावरही ब्रेक पूर्ण सुटत नाही. गाडी ओढल्यासारखी चालते, पेट्रोल अधिक लागते आणि थोडे अंतर गेल्यावर मागचे एक चाक दुसऱ्यापेक्षा गरम झालेले आढळते. चाकाजवळ हात नेऊन उष्णता जाणवते. ड्रमला प्रत्यक्ष स्पर्श करू नये, भाजण्याची भीती असते. गंजलेल्या केबलवर तेल सोडून चार दिवस काम भागते, परंतु ती बदलणे हेच खरे.

चौथा प्रकार म्हणजे एकाच चाकाला ब्रेक लागणे. समतोल साधणारा भाग गंजला असेल, किंवा एका बाजूची केबल अडकली असेल, तर असे होते.

पाचवा प्रकार सर्वांत फसवा. दांडी योग्य खटक्यांवर थांबते, हाताला घट्ट लागते, केबल ठीक असते. तरीही गाडी उतारावर सरकते. अशा वेळी लायनरवर तेल आले असण्याचा संभव फार मोठा असतो. वरील उदाहरणातील शिक्षकांच्या गाडीचा रोग हाच. केबल कितीही आवळली तरी तेलकट लायनर ड्रमला धरणार नाही. ओल्या साबणाची वडी मुठीत आवळून धरावी, तसेच ते आहे.

ब्रेकची परीक्षा घेताना सौम्य उताराची, मोकळी जागा निवडावी. गाडीच्या पुढे-मागे कोणीही उभे राहू नये. चालकाने जागेवर बसून, इंजिन चालू ठेवून, पायाचा ब्रेक दाबून धरावा, गिअर न्यूट्रल करावा, हँडब्रेक ओढावा आणि मग पाय हळूहळू उचलावा. गाडी हलू लागताच पाय पुन्हा दाबावा. हीच परीक्षा गाडीचे तोंड चढाकडे व उताराकडे अशी दोन्ही बाजूंनी घ्यावी. कारण ड्रममधील शूंची पकड दोन्ही दिशांना सारखीच असते असे नाही.

तेल कोठून येते

गाडीखाली पडलेला प्रत्येक ओला डाग सारखा नसतो. वातानुकूलन असलेल्या गाडीखाली स्वच्छ पाणी ठिबकते, त्यात काही दोष नाही. इंजिनचे तेल तपकिरी किंवा काळे असते. गिअरबॉक्सचे व मागच्या हाऊसिंगचे तेल दाट असते आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. रेडिएटरमधील रंगीत पाणी हिरवट किंवा तांबूस दिसते. ब्रेकचे तेल पातळ, फिकट पिवळसर असते आणि गाडीच्या रंगाला लागले तर रंग खाते. पेट्रोलचा वास तर कोणालाही ओळखता येतो. तो आला तर काडी न ओढता, गाडी चालू न करता, प्रथम मिस्त्रीला बोलवावे.

गळती शोधण्याची रीत सोपी आहे; पण तिला धीर लागतो. रात्री गाडी सपाट जागी उभी करून तिच्याखाली जुनी वर्तमानपत्रे पसरावीत आणि चाकांच्या जागा त्यांवर खडूने आखून ठेवाव्यात. सकाळी डाग कोठे पडला, किती मोठा, कोणत्या रंगाचा, हे पाहावे. डागाच्या बरोबर वरच दोष असेल असे मात्र गृहीत धरू नये. तेल वरून खाली वाहते आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे जाते. म्हणून इंजिन थंड असताना बाहेरून स्वच्छ पुसून कोरडे करावे, थोडे अंतर चालवावे आणि मग सर्वांत वरची व सर्वांत पुढची ओली जागा हुडकावी. गळतीचा उगम बहुधा तेथेच सापडतो.

इंजिनवरील नेहमीच्या जागा ठरलेल्या आहेत : वरच्या टॅपेट कव्हरचे पॅकिंग, तेलाच्या चेंबरचे पॅकिंग, तेल काढण्याच्या बोल्टखालचा वायसर, ऑईल फिल्टरची बैठक, आणि क्रँकच्या पुढच्या व मागच्या टोकाचे सील. यांपैकी टॅपेट कव्हरचे पॅकिंग बदलणे अल्प खर्चाचे काम आहे. मागच्या टोकाचे सील बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. म्हणून स्वस्त कामे आधी करावीत आणि मगच महाग कामाचा निर्णय घ्यावा. कव्हरवरून ओघळून मागे गेलेले तेल पाहून "मागचे सील गेले" असे निदान घाईने केले जाते, आणि मालकाला नाहक भुर्दंड बसतो.

येथे ब्रीदरचा उल्लेख आवश्यक आहे. चालत्या इंजिनात वायूंचा दाब निर्माण होतो. तो बाहेर जाण्यासाठी एक नळी ठेवलेली असते. ती काजळीने बुजली की आतला दाब जिथे फट सापडेल तिथून तेल बाहेर ढकलतो. जुन्या ॲम्बॅसिडरचे 1,489 सीसीचे इंजिन मूळ ब्रिटिश बनावटीचे. त्यात क्रँकच्या मागच्या टोकाला आजच्यासारखे रबरी सील नसून, तेल परत आत फिरविणारे आटे कोरलेले असतात. अशा रचनेत ब्रीदर मोकळा असणे हे विशेषच महत्त्वाचे ठरते. नळी साफ करण्याला काही मिनिटे पुरतात. ती साफ न केल्यास नवी पॅकिंगसुद्धा ओली होऊ लागतात.

पॅकिंग बसविताना दोन चुका सर्रास होतात. पहिली चूक म्हणजे बोल्ट बेताल आवळणे. बुचाचे पॅकिंग त्यामुळे चिरडते आणि पत्र्याच्या चेंबरची कड वाकडी होते. मग जितके आवळावे तितके अधिक गळते. दुसरी चूक म्हणजे सिलिकॉनची पेस्ट सढळ हाताने थापणे. आत शिरलेले तिचे तुकडे तेलाच्या जाळीत अडकले, तर इंजिनला तेल मिळेनासे होते. दोन्ही बाजू स्वच्छ खरवडाव्यात, कड सरळ आहे की नाही ते पाहावे आणि बोल्ट आळीपाळीने, सारख्या जोराने आवळावेत.

गळती किती झाली म्हणजे काळजी करावी, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. शिक्षकांनी हे गणित वर्गात अवश्य घालावे. ढोबळमानाने वीस थेंबांचे एक मिलिलिटर होते. मिनिटाला एकच थेंब गळाला, तरी दिवसाला 1,440 थेंब, म्हणजे 72 मिलिलिटर तेल जाते आणि आठवड्यात ते सुमारे अर्धा लिटर भरते. लहान मोटारीच्या इंजिनात एकूण तेलच काही थोड्या लिटरांचे असते. तेव्हा गळती बंद होईपर्यंत तेलपट्टी वारंवार पाहावी. चालत्या गाडीत तेलाच्या दाबाचा तांबडा दिवा लागला, तर "घर जवळच आहे" असे म्हणून पुढे जाऊ नये. त्याच जागी, सुरक्षित बाजू पाहून, इंजिन बंद करावे.

तेल आणि ब्रेक यांचा संबंध

आता मुख्य मुद्दा. ॲम्बॅसिडर, पद्मिनी, जीप यांसारख्या गाड्यांत इंजिनची शक्ती मागच्या चाकांना मिळते. मागच्या आसाच्या हाऊसिंगमध्ये गिअरचे तेल असते. ते चाकाकडे येऊ नये म्हणून आसाच्या टोकाला ऑईल सील असते. हे सील कडक झाले किंवा बेअरिंग झिजून आस हलू लागला, की तेल सीलवरून ड्रममध्ये शिरते. हाऊसिंगलाही स्वतःचा एक लहान ब्रीदर असतो. तो चिखलाने बुजला, तर गरम झालेल्या हवेचा दाब चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर लोटतो. हाऊसिंगमध्ये प्रमाणाबाहेर तेल भरणे हे तिसरे कारण. गाडी सपाट जागी असताना तेल भरण्याच्या भोकाच्या काठापर्यंत, इतकीच त्याची मर्यादा बहुधा असते. पुस्तिकेत निराळे सांगितले असेल तर ते प्रमाण मानावे.

मारुती 800 मध्ये शक्ती पुढच्या चाकांना मिळते. म्हणून तिच्या मागच्या ड्रममध्ये गिअरचे तेल येण्याचा प्रश्न नाही. परंतु व्हील सिलिंडरचे रबर गेले, तर तेथे ब्रेकचे तेल गळते आणि परिणाम तोच होतो. शिवाय पायाच्या ब्रेकचे तेल कमी होत जाते, ते वेगळेच. चाकाच्या आतल्या बाजूस, टायरच्या भिंतीवर किंवा ड्रमच्या मागच्या पत्र्याच्या खालच्या कडेला ओलसर काळा थर दिसला, तर कोणत्याही गाडीचा ड्रम उघडून पाहिलाच पाहिजे. ही खूण पाहायला कोणतेही हत्यार लागत नाही. खाली वाकून पाहण्याची सवय मात्र लागते.

दुरुस्तीचा क्रम

दुरुस्तीत क्रमाला फार महत्त्व आहे. आधी गळती, मग शू, मग शूचे ॲडजस्टमेंट आणि सर्वांत शेवटी केबल. हा क्रम उलटा केला की शिक्षकांच्या गाडीसारखी गत होते.

मागची चाके उचलण्यापूर्वी पुढच्या दोन्ही चाकांना पुढून व मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. ड्रम काढण्यासाठी हँडब्रेक सोडावाच लागतो, आणि मागची चाके अधांतरी असताना हँडब्रेकचा जमिनीशी काही संबंधही उरत नाही. मागचे एकच चाक उचलले असता गिअरवरही विसंबू नये. डिफरन्शियलमुळे उचललेले चाक मोकळे फिरते आणि गाडी सरकू शकते. काम सपाट, टणक जागीच करावे. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरही शिरू नये. आसाखाली भक्कम घोडी लावावी. सैल दगडांची किंवा विटांची चळत भरवशाची नसते.

ड्रम निघाल्यावर आतली धूळ तोंडाने किंवा हवेच्या नळीने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो आणि त्याची धूळ फुफ्फुसाला अपायकारक आहे. ओल्या फडक्याने ती पुसून घ्यावी आणि फडके पिशवीत बांधून टाकावे. तेल जेथून आले ते सील किंवा व्हील सिलिंडरचे रबर बदलावे, बेअरिंग हलते का ते पाहावे, ब्रीदर मोकळा करावा. तेल प्यायलेले लायनर पेट्रोलने धुऊन किंवा आगीवर जाळून पुन्हा बसविण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. ती धोक्याची आहे. तेल लायनरच्या आतपर्यंत मुरलेले असते आणि ब्रेक तापला की पुन्हा पृष्ठभागावर येते. शू बदलायचे ते दोन्ही चाकांचे एकदमच बदलावेत; एका बाजूला नवे व दुसऱ्या बाजूला जुने असले, तर ब्रेक दाबताच गाडी एका अंगाला ओढते.

यानंतर केबल ढिली करून, शू ड्रमला किंचित घासेपर्यंत बाहेर आणावेत आणि चाक मोकळे फिरेल इतके मागे घ्यावेत. पायाचा ब्रेक काही वेळा दाबून शू मध्यावर बसू द्यावेत. मग हँडब्रेकची दांडी पुस्तिकेत सांगितलेल्या खटक्यांपर्यंत ओढून, त्या जागी दोन्ही चाके सारखी अडतील इतकीच केबल आवळावी. दांडी पूर्ण सोडल्यावर दोन्ही चाके हाताने मोकळी फिरली पाहिजेत. शूची झीज केबल आवळून भरून काढू नये. तसे केल्यास ड्रममधील दांडा नेहमीच अर्धवट ओढलेला राहतो, शू घासत राहतात, आणि आपोआप जुळणारी रचना असलेल्या गाडीत तीही काम करीनाशी होते.

ब्रेकच्या टाकीत इंजिनचे तेल चुकूनही घालू नये. त्याने सर्व रबर फुगून निकामी होतात. पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचे ब्रेक ऑईलच, बंद डब्यातून काढून, वापरावे.

गळके तेल आणि गावाचे पाणी

तेलगळतीची हानी गाडीपुरतीच मर्यादित राहत नाही. कुळागराच्या पाटाला, विहिरीच्या कठड्याला आणि ओहोळाला हे तेल पोचते. पाण्यावर त्याचा पातळ तवंग पसरतो आणि ते पाणी गुरांच्या व माणसांच्या उपयोगाचे राहत नाही. काढलेले काळे तेल गटारात ओतणे, वाळवीवर उपाय म्हणून कुंपणाच्या मुळाशी घालणे, किंवा ओला कचरा पेटविण्यास वापरणे, या तिन्ही गोष्टी टाळाव्यात. केंद्र शासनाच्या 2016 च्या घातक कचराविषयक नियमांत वापरलेल्या तेलाचा समावेश आहे. ते झाकणाच्या डब्यात साठवून, अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे ते पोचविणाऱ्या गॅरेजला द्यावे. पंचायतीने गावात अशा तेलासाठी एक ठिकाण ठरवून दिले, तर ग्रामस्थांची मोठी सोय होईल.

गाडी उभी करण्याची रीत

दुरुस्ती झाली तरी सवय बदलली पाहिजे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 126 प्रमाणे, परवानाधारक चालक जागेवर नसताना गाडी सार्वजनिक ठिकाणी उभी ठेवायची असेल, तर यंत्र बंद करून ब्रेक लावणे, किंवा गाडी आपोआप हलणार नाही अशी अन्य तजवीज करणे, हे गाडी ताब्यात असणाऱ्याचे कर्तव्य आहे. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी नूतनीकरणास येते, त्या वेळी तपासणी होतेच. पण दोन तपासण्यांच्या मधली वर्षे मालकाच्या जबाबदारीची असतात.

उतारावर थांबताना पायाचा ब्रेक दाबून धरावा, हँडब्रेक पूर्ण ओढावा, इंजिन बंद करावे आणि गाडी गिअरमध्ये ठेवावी : तोंड चढाकडे असल्यास पहिला गिअर, उताराकडे असल्यास रिव्हर्स. पुढची चाके अशी वळवावीत की गाडी सुटलीच तर ती डोंगराच्या बाजूला टेकेल, दरीकडे किंवा रस्त्याच्या मध्याकडे जाणार नाही. मारुतीसारख्या गाडीत गिअर पुढची चाके धरतो आणि हँडब्रेक मागची. ॲम्बॅसिडर, पद्मिनी व सामान्य जीप यांत मात्र दोन्ही बंधने मागच्याच चाकांवर असतात. पावसात तांबड्या मातीवर ती दोन चाके घसरली, तर तिसरा आधार उरत नाही. म्हणून अशा गाडीत लाकडाचे दोन तिकोनी ठोकळे कायम ठेवावेत, आणि निघताना ते उचलून परत गाडीत ठेवण्यास विसरू नये. रस्त्यात टाकलेला दगड रात्री दुचाकीस्वाराचा घात करतो.

पावसाळ्यात गाडी आठवडेच्या आठवडे वापरायची नसेल, तर ती सपाट जागी, गिअरमध्ये आणि चाकांना ठोकळे लावून ठेवावी व हँडब्रेक सोडून द्यावा. ओढून ठेवलेला ब्रेक दमट हवेत गंजाने ड्रमला चिकटतो. उतारावर मात्र हा नियम लावू नये.

महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, पाच गोष्टी पाहाव्यात : हँडब्रेकचे खटके, चारही चाकांची आतली बाजू, तेलपट्टी, ब्रेकच्या तेलाची पातळी आणि गाडीखालचा कागद. शासकीय कार्यालयांनी ह्या नोंदी वाहनाच्या वहीत कराव्यात. खासगी मालकाला घरातली एक साधी वही पुरेल. मागच्या महिन्यात सहा खटके आणि या महिन्यात नऊ, एवढी नोंदसुद्धा मिस्त्रीला पुष्कळ काही सांगते.

उदाहरणातील शिक्षकांच्या गाडीकडे शेवटी एकदा वळावे. तिला एक सील, शूंचा एक संच, साफ केलेला ब्रीदर आणि काळजीपूर्वक केलेले ॲडजस्टमेंट, एवढेच हवे होते. दर दोन महिन्यांनी केबल आवळण्यासाठी दिलेले पैसे त्या कामी आधीच लावले असते, तर मुलांच्या वाटेवरचे भय केव्हाच दूर झाले असते. आज घरी परतल्यावर प्रत्येकाने आपल्या गाडीच्या मागच्या चाकांची आतली बाजू कंदिलाच्या किंवा बॅटरीच्या उजेडात एकदा पाहावी. ती कोरडी असेल, तर समाधान मानावे. ओली असेल, तर उद्या सकाळी गाडी चढणीवर उभी करण्याचा विचार सोडून तिला गॅरेजची वाट दाखवावी.